डाव्या हाताचा वेढा

लामुतमावशीच्या खाटेखाली सोनं आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्याला कुलूप, आणि किल्ली मावशीच्या कमरेला. कोणी म्हणे, जुन्या यंत्रांतल्या सर्किट बोर्डांच्या कडांवरचं सोनं ती दाताने खरवडते. कोणी म्हणे, तेजाबात विरघळवून त्याच्या गोळ्या वळते आणि म्हातारपणी बँकॉकला जाऊन नवा नवरा करणार आहे. नवऱ्याची भर माझी. माझी पपईची कोशिंबीर कुटायची टपरी तिच्या अंगणासमोरच आहे, आणि नुसत्या पपईवर गिऱ्हाईक बसून राहत नाही.

तर खरं काय ते सांगते. डब्यात काय आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सोन्याचा कण नव्हता. तपकिरी बोर्ड होते, पंख्यांचे, भाताच्या कुकरचे, जुन्या टीव्हीचे. भंगारात ज्यांना सगळ्यात हलका भाव मिळतो, ते.

थायलंडच्या ईशान्येला, इसानातल्या आमच्या गावात भात पिकतो तो खाण्यापुरता. बाकी गाव बँकॉकची मोडकी यंत्रं फोडून जगतं. ट्रक येतो, दारोदार ढीग ओततो. पुरुष फोडतात, बायका निवडतात. निवडण्यात मावशीचा हात धरणारं कोणी नाही. पोतं अंथरून बसते, बोर्ड उचलते, आणि आधी पेचकस आडवा धरून मोठ्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या डबीची, दोन्ही टोकं जुळवते. चट्‌ असा आवाज आला की म्हणते, "हा अजून जागा होता." मग तांब्याची गुंडाळी एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे. मग बोर्डाचा कोपरा मोडून बघते. तपकिरी बोर्ड बिस्किटासारखा तुटतो आणि फिनेलसारखा वास येतो. चांगला हिरवा सहजासहजी तुटत नाही, तुटला तर पांढरे धागे दिसतात. काही लबाड बोर्ड मात्र आतून तपकिरी आणि वरून हिरवे. खरेदीला येणारा शेठ असा एखादा चांगल्यांत टाकायला निघाला, तर मावशी स्वतःचं नुकसान सोसून तो परत घेते. म्हणते, "शेठ, हा गरीबच आहे. सदरा तेवढा हिरवा घातलाय."

ही असली थट्टा ती करायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. तिच्या नखांचा रंग केव्हाच गेला आहे. नवरा तांब्यासाठी तारा जाळायचा, तो खोकून खोकून गेला. विहिरीचं पाणी आम्ही पेटलेले ढीग विझवायला वापरतो, प्यायला नाही. पण हे आमच्याकडे घरोघरी आहे, त्याचं कौतुक काय सांगायचं!

मावशीचा मुलगा दामरोंग. तो निघाला आईच्या अगदी उलट. आई फोडायची, हा जोडायचा. ढिगातला पंखा उचलून न्यायचा, चार दिवसांनी तो कुणाच्या तरी घरात फिरत असायचा. बोर्डावरची तांब्याची रेघ जळाली की तो तिथे तार जोडायचा. डावखुरा, म्हणून त्याच्या तारेचा वेढा सगळ्या जगाच्या उलट. वर कथलाचा बारीक डाग, आणि डागाला दमट हवा लागू नये म्हणून नखपॉलिशचा थेंब. गुलाबी. ती बाटली माझी होती. मी ओरडले तर म्हणाला, "ओराथायमावशी, तुझ्या नखांकडे बघतंय कोण? इथे निदान पंखा तरी चालेल."

मायलेकांची त्यावरून कायम जुंपायची. "अरे, तू सगळंच नीट करून ठेवलंस तर मी फोडू काय? माझं डोकं?" असं ती एकदा संतापून म्हणाली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेला. दोनदा फोन आला, मग तोही बंद झाला. पुढे मावशीचा फोन तेजाबाच्या बादलीत पडला आणि जुना नंबरही गेला.

मग शेजारच्या गावातल्या एकाने बातमी आणली की दामरोंग मासेमारीच्या बोटीवर चढला होता आणि ती बोट बुडाली. माणसं सापडली नाहीत. गावाने हळहळ केली आणि मान्य केलं. मावशीने केलं नाही. "बोटीवर? तो? पुलावरून जाताना डोळे मिटून बसायचा."

आमच्यात नवव्या महिन्याच्या अमावास्येला मेलेल्यांसाठी जेवण ठेवतात. केळीच्या पानात चिकट भात, मासा, फळाची फोड, विडा बांधायचा आणि पहाटे विहाराच्या भिंतीशी जमिनीवर ठेवायचा. ज्याच्या नावाची पुडी नसते, तो वर्षभर उपाशी हिंडतो. मावशी नवऱ्याची पुडी बांधायची, आईबापांची बांधायची. दामरोंगची नाही. विहारातल्या मोठ्या भन्तेंनी दोनदा समजावलं. बायका कुजबुजल्या की सोनं साठवते आणि पोटच्या पोराला मूठभर भात घालत नाही. तिची नणंद प्रानोम तर सगळ्यांना दिसेल अशी दरवर्षी दामरोंगच्या नावाने पुडी ठेवायची.

मावशी ऐकत नव्हती, कारण तिच्याकडे पुरावा होता. ट्रकमधून अधूनमधून एखादा बोर्ड यायचा, त्यावर उलटा वेढा आणि गुलाबी थेंब. तो बोर्ड विकायच्या ढिगात जायचा नाही, गुपचूप डब्यात जायचा. डाग जुना होत जातो तसा काळवंडतो, नखपॉलिश पिवळी पडून तडकते. मावशीला डाग बघून कळायचं, हा अलीकडचा की पलीकडचा. आणि अलीकडचे येत होते. बोट बुडून सहा पावसाळे उलटले, तरी येत होते.

यंदा अमावास्येला आठवडा राहिला असताना एसीचा एक बोर्ड आला. मावशी तो घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. तिला माझ्या टपरीत कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "काय मावशी, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलीस काय?"

"नंबर लाव," ती म्हणाली. तारेजवळ दुकानाच्या फोन नंबरची चिठ्ठी चिकटवलेली होती, चोनबुरी शहरातलं दुकान. वर डाग नव्या नाण्यासारखा चकचकीत आणि गुलाबी थेंब ओला वाटावा इतका ताजा.

मी खलबत्ता बाजूला सारला आणि फोन स्पीकरवर टाकून नंबर लावला. एका बाईने उचलला. "बोला, एसी की फ्रीज?"

"बाई, तुमच्याकडचा एक कारागीर हवाय," मी म्हटलं. "डावखुरा. तारेवर नखपॉलिश लावतो तो."

"कोण बोलतंय?"

मावशीने फोन माझ्या हातातून ओढला. "त्याची आई."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "आई, तो नाही हो. तीन वर्षं झाली."

"हा डाग ताजा आहे," मावशी म्हणाली. "मला डाग कळतात."

"तो मी दिलाय. काम मला त्यानेच शिकवलं. मला दुसऱ्या बाजूने वेढा घालताच येत नाही." ती रडायला लागली होती. तिचं नाव मालिवान. ती त्याची बायको. त्याच्या फोनमधला आईचा नंबर तिने किती वेळा लावला, लागला नाही. गावाचं नाव त्याने कधी धड सांगितलंच नव्हतं. म्हणायचा, स्वतःचं दुकान होऊ दे, मग आईला इथे आणून खुर्चीवर बसवतो आणि दाखवतो.

"कशाने गेला?" मावशीने विचारलं.

"मायक्रोवेव्ह उघडला होता. प्लग काढलेला होता हो त्याने. पण आतला कपॅसिटर..."

"जागा होता."

"हो. गिऱ्हाईक दारात उभं होतं. घाई होती."

"कसली घाई?" मावशी म्हणाली. आवाज चढला नाही. "कसली घाई होती गं?"

मी फोन हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

त्या संध्याकाळी तिने मला आत बोलावलं. डबा पोत्यावर ओतला, तेव्हा मी तो उघडा पाहिला. ती नेहमीसारखी बसली आणि निवडायला लागली. एकेक बोर्ड उजेडाकडे धरायचा, डागावरून अंगठा फिरवायचा, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. डावीकडे लेकाचे, उजवीकडे सुनेचे.

"ही कथिल जास्त घालते," ती म्हणाली. "थेंबाला पोट येतं. इतके दिवस मला दिसलं कसं नाही?"

मी म्हटलं, "मावशी, बघायचं नसेल तर नाही दिसत."

सुनेचे बोर्ड तिने हलक्या भावाच्या पोत्यात टाकले. लेकाचे डब्यात ठेवले, कुलूप लावायला हात घातला आणि थांबली. उठून पोत्यात कोपरापर्यंत हात घालून सुनेचा एक बोर्ड शोधून काढला. तोही डब्यात ठेवला आणि मग कुलूप लावलं.

अमावास्येच्या आदल्या दुपारी आम्ही बायका विहाराच्या अंगणात पुड्या बांधायला बसलो. मावशीने नवऱ्याची बांधली, आईची, बापाची. मग आणखी एक पान घेतलं. चिकट भात, भाजलेल्या माशाचा मधला तुकडा, केळ्याची फोड, विडा. सगळ्यांचे हात संथ झाले. गावाला बातमी एव्हाना माझ्याशिवायही पोचली होती.

प्रानोम समोर बसली होती. ती कशी गप्प राहील! "पटलं ना वहिनी शेवटी?" ती म्हणाली. "मी सांगून सांगून दमले. स्वतःच्या पोराला इतकी वर्षं उपाशी ठेवलंस. मी होते म्हणून त्याच्या तोंडात घास तरी पडला."

अशा वेळी काहीतरी बोलून हसवायचं काम माझं असतं. मी पानं पुसत राहिले. मावशीने पुडीला दोरा घेतला, उलट्या बाजूने वेढला, गाठ मारली, पुडी बाकीच्या पुड्यांशेजारी ठेवली आणि मग प्रानोमकडे बघितलं.

"बोट बुडाली म्हणालात तेव्हा तो चोनबुरीत जेवत होता, प्रानोम. जित्या माणसाला तू मेल्याचा भात घातलास. तुमच्याकडे तो उपाशी होता. माझ्याकडे तो कामावर होता."