वरून लाल दिसणारा तलाव

साकोलीच्या बसस्टँडवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर माझी ट्रंक होती आणि काखेत बेशरम नावाच्या झुडपाच्या काड्यांचा भारा. तालुक्याला जायचंच आहे तर दोन कामं एका फेरीत उरकावी, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. कुठल्याशा सरकारी बंगल्याच्या कुंपणावरून त्यांनी त्या काड्या तोडून आणल्या होत्या. तोडलेल्या टोकांतून पांढरा चीक गळून त्यांच्या बंडीवर चिकट डाग पडले होते. सत्याहत्तर साल होतं. मला हैदराबादला नोकरी लागली होती. गावातून इतक्या लांब नोकरीला निघालेली मी पहिली मुलगी, आणि बापाच्या काखेत काय, तर कुंपण!

"बाबा, हे काहून आणलं?"

"तलावाच्या पाळीवर लावतो. पाळ धसून राहिली ना वं. इले ढोरं खात नाई, पाण्यानं सडत नाई, उन्हानं मरत नाई. एकडाव लावली का चिंता मिटली."

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून हात हलवला. बाबांनी काड्यांचा भाराच उंच धरून हलवला. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मी आणि ती बेशरम, दोघी एकाच दिवशी नव्या जागी रुजायला निघालो होतो. तिला माझ्याइतका वेळ लागला नाही.

आमचं गाव एकोडीच्या पुढे, डांबर संपतं तिथून आत. आम्ही कोहळी. तलाव बांधणं हे आमच्या लोकांचं जुनं काम, आणि आमच्या गावचा तलाव बाबांच्या आज्याच्या आज्यानं बांधला असं घरात सांगत. खरंखोटं तो तलाव जाणे. पण होता मोठा. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जायची नाही. म्हातारे सांगत, पूर्वी दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला उतरायचा, आणि जो उतरला नाही त्याच्या धानाच्या बांधीला पाणी सगळ्यात शेवटी. मग जमीनदारांची मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला आणि गाळ कुणाचाच राहिला नाही. लोक पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, बसून तंबाखू मळायचे आणि सरकारला शिव्या द्यायचे. पाळ धसली, सरकार बघेल. पाणी सोडायचं तुडूम फुटलं, तेही सरकारच बघेल. सरकारची वाट न बघता काहीतरी करणारे एकटे आमचे बाबा, आणि त्यांनी जे केलं ते हे असं.

माझ्यासारखी गाव सोडून आलेली माणसं भेटली की डोळे मिटून गावच्या मातीच्या वासाबद्दल बोलतात. मला त्याचा वीट आला आहे. माझ्या नाकात गावचा जो वास बसलाय तो कुजलेल्या गाळाचा आणि म्हशींच्या मुताचा, आणि तो अजिबात चांगला नाही. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे ठाऊक आहे. आम्ही सणाला येऊन "अहाहा, काय हवा आहे" म्हणतो, तेव्हा तुम्हीही मान डोलावता. कशाला डोलावता?

हैदराबाद म्हणजे तरी कुठे स्वर्ग होता? हॉस्टेलच्या मेसमध्ये वरणातही चिंच. आईनं बांधून दिलेला चिन्नोर तांदूळ मेसवाल्यानं कुठल्या तांदळात मिसळला ते मला कधीच कळलं नाही. ऑफिस म्हणजे एक थंडगार खोली, खालून दिवा लावलेली काचेची टेबलं, आणि फोटो धुण्याच्या रसायनाचा आंबूस वास. तो रविवारीसुद्धा केसांतून जात नसे. आणि काम असं की आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. उपग्रहानं अवकाशातून काढलेले जमिनीचे फोटो काचेवर ठेवायचे आणि ओळखायचं. हा डोंगर, ही नदी, हे नदीनं टाकून दिलेलं जुनं पात्र, हे जंगल. ओळखलं की वरच्या पारदर्शक कागदावर पेन्सिलीनं रेघ मारायची. "अन् ह्याचा पगार देते?" आईनं विचारलं होतं. "आपून त पायानं चालून सांगतो ना कोनता डोंगर कोनता थे."

पहिली काही वर्षं परक्याच मुलखांचे फोटो आले. आमच्या भागाचा आला तो चौऱ्याऐंशीच्या सुमारास. त्या फोटोंत रंग खरे नसतात. हिरवं असतं ते लाल येतं, पाणी काळं, वाळू पांढरी, वस्ती राखाडी. कापणीच्या आधीचं धान आणि नागझिऱ्याचं जंगल, सगळं समोर लालभडक पसरलेलं. खाटकाच्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. हे माझं गाव?

त्याहून वाईट म्हणजे नागझिऱ्याचे डोंगर मला खड्डे दिसत होते. चांगले खोल खड्डे, कडा वर आणि पोट आत. आमचे साहेब मद्रासकडचे, दिवसभर सुपारी चघळणारे. ते मागून आले आणि त्यांनी फोटो उलटा फिरवला. सावली बघणाऱ्याच्या बाजूला पडली की डोंगर वर उठतो, पलीकडे पडली की डोळा फसतो. एका क्षणात सगळे खड्डे डोंगर झाले. ज्याच्या पायथ्याशी मी टेंभरं खात वाढले, तो डोंगर मला सुपारी चघळणाऱ्या परक्या माणसानं उठवून दाखवावा, याचा मला संताप आला.

डोंगर सापडल्यावर पुढचं सोपं होतं. चुलबंद नदीचं वळण, तिच्या काठची पांढरी वाळू, साकोलीचा राखाडी डाग. तिथून बोट सरकवत मी गावापाशी आले. आजूबाजूचे तलाव दिसत होते, मिरे सांडल्यासारखे काळे. आमचा तलाव नव्हता. मी पुन्हा वळणापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच आले. तलावाच्या जागी लाल, धानापेक्षाही गडद लाल. साहेबांनी वाकून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "गुड व्हेजिटेशन."

मला कळायला वेळ लागला नाही. सणाला जायची तेव्हा पाळीवर बेशरम माणसापेक्षा उंच वाढलेली दिसायची. तिच्या आड तलावाचं काय झालंय हे पाहायला आत कोण शिरतं? आत किती पसरली आहे ते खालून दिसत नव्हतं. आकाशातून एका नजरेत दिसलं.

तो नकाशा साधासुधा नव्हता. त्याच्यावरून दुरुस्तीला कोणते तलाव घ्यायचे ते ठरणार होतं. नकाशात निळा रंग असेल तो तलाव. नसेल ती झुडपी पडीक, आणि पडीक जमिनीचा पट्टा कुणीही मागावा. मी साहेबांना सांगितलं, इथे तलाव आहे, मी त्यात पोहायला शिकले. ते म्हणाले, "पाणी कुठे आहे? जा, ग्राउंड ट्रुथ घेऊन ये." आमच्या धंद्यात वरून ओळखलेलं खाली जाऊन तपासतात, त्याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. आईनं सांगितलेलं तेच, फक्त इंग्रजीत.

ऑफिसच्या जीपमधून गावात उतरले तर जत्रा जमली. "आमची म्हैस दिसते का वं वरून?" "सरपंच कोनाच्या घरी बसते थे दिसते का?" सरपंचही तिथेच होता आणि सगळ्यांसोबत हसत होता. तलावाच्या पलीकडच्या कडेला माती टाकून त्यानं धान लावलेलं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याच्याच हातची तंबाखू खात होते. मला शिसारी आली.

बाबांनी पाळीवरची बेशरम हातानं बाजूला सारली आणि मी आत पाहिलं. बुंध्यांच्या मधे काळपट, तेलकट, बुडबुडे येणारं काहीतरी होतं. एक कुत्रं मरून, फुगून त्यात अडकलं होतं. बाकी या काठापासून त्या काठापर्यंत बेशरम, आणि तिच्यावर लग्नाच्या मांडवासारखी गुलाबी फुलं. मी नाकाला रुमाल लावला. बाबांनी तो रुमाल पाहिला.

"पाणी लिव," ते म्हणाले.

"पाणी कुठं हाये बाबा?"

"खाली हाये."

"वरून नाई दिसत."

"वरून नाई दिसत त थो तुमच्या फोटोचा दोष. तू त खाली उभी हायेस ना?"

मी लिहिलं, दाट झुडपं, बेशरम, खाली दलदल. तेव्हा ते बरोबर होतं आणि आज विचारलं तरी मी तेच लिहीन. एक खोटा निळा ठिपका मिळाला असता तर पाळीवर बसून सरकारची वाट बघायला गावाला आणखी एक निमित्त झालं असतं. त्या बसणाऱ्यांचा मला उबग आला होता. बाबांचाही आला होता. स्वतःच्या हातानं तलावात शत्रू लावायचा आणि वर "खाली हाये" म्हणायचं! त्यांना मी काय लिहिलं ते वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "आज्यानं बांधला, पोरीनं बुजवला." त्या वेळी ते मला जीपपर्यंतही सोडायला आले नाहीत.

नकाशा छापून आला. आमच्या तलावाच्या जागी पडीक जमिनीचा फिका पिवळा रंग होता.

पुढची बातमी आईच्या पत्रांतून येत राहिली. ती कुणाकडून तरी लिहवून घ्यायची. बाबा जेवले की कुदळ घेऊन तलावात उतरतात. तुडुमापासून सुरुवात केली आहे. वरून कापली तर पुन्हा फुटते, म्हणून मुळं खणतात आणि काढलेलं सगळं पाळीवर वाळवून जाळतात, कारण तुकडा पडला तरी रुजतो. पायांना फोड आले आहेत, ऐकत नाहीत. गाव म्हणतं म्हातारा चळला. कुणी म्हणतं, ज्यानं लावली त्यानंच उपटावी, आमाले काय. हे वाचून मला गावाची इतकी चीड यायची की पत्र चुरगाळून टाकावंसं वाटे, आणि मग खाली आईनं नेहमी घातलेली एक ओळ असायची, म्हणून टाकता येत नसे. "बाबा इचारून राहिले, फोटोत दिसलं का."

माझ्याशी ते एवढंच बोलत. दर वर्षी नवा फोटो आला की मी आधी चुलबंदचं वळण शोधायची, तिथून तलावाकडे. लालच लाल. त्या फोटोंचा एकेक ठिपका एकराहून मोठ्या जमिनीचा. त्यात एका म्हाताऱ्यानं कुदळीनं साफ केलेला तुकडा विरघळून जातो. मी कळवायची, दिसलं नाही. दर वर्षी तेच दोन शब्द. ते लिहिताना मला माझ्या कामाची, त्या थंड खोलीची, आकाशातल्या त्या आंधळ्या डोळ्याची किळस यायची. सरपंचाची चोरी त्याला दिसत नाही, बाबांचे फोड दिसत नाहीत, आणि बेशरम मात्र कशी टवटवीत!

अठ्ठ्याऐंशीत नवा उपग्रह गेला. त्याचे ठिपके बारीक होते. आमच्या भागाचा फोटो आला तेव्हा मी तो आधीच उलटा धरला, डोंगर उठवले, वळण गाठलं, बोट सरकवलं. लालाच्या कडेला, तुडूम असायला हवं तिथे, एक काळा ठिपका होता. एकच. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. "धूळ आहे," ते म्हणाले, "पुसून टाक." मी मऊ फडक्यानं पुसलं. गेला नाही. पुन्हा पुसलं. नाही गेला. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा सुपारी थुंकून मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

आम्हा बाहेर गेलेल्यांना लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं? हैदराबादेत माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, नळाला पाणी येतं, मेसची चिंच सुटली. समोरचा नाला कुजला की मी खिडकी लावून घेते. गावच्या तलावाला लावता येईल अशी खिडकी मला अजून सापडली नाही. जिथल्या घाणीचा आपल्याला इतका राग येतो की झोप लागत नाही, ते आपलं घर असावं. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही.

त्या फोटोची प्रत घेऊन मी गावी गेले. बाबा तुडुमाशीच होते, गुडघाभर चिखलात. पाठ वाकलेली, पायांच्या कातडीची सालं निघालेली. त्यांच्याभोवती खरंच पाणी होतं. गढूळ, पण उघडं, आभाळ दिसेल इतकं. मी काठावरून फोटो दाखवला, ठिपक्यावर नख ठेवलं. "दिसलं, बाबा."

त्यांनी हात बंडीला पुसले, फोटो लांब धरला, जवळ आणला. मला वाटलं आता डोळे भरून येतील.

"थू!" बाबा म्हणाले. "येवढंच? इतक्या सालात येवढंसंच? मिरच्या वाळू घातल्यावानी सारं लाल अन् मधात हे ढेकनाएवढं?" त्यांनी फोटो माझ्या हातात कोंबला. "काढ थ्या चपला."

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि उतरले. गाळ पोटऱ्यांपर्यंत आला, गार आणि बुळबुळीत. घोट्याला काहीतरी येऊन चिकटलं आणि मी किंचाळले.

"वरून जळवा नाई दिसत, नाई का?" बाबा म्हणाले, आणि एक बुंधा वाकवून माझ्या हातात दिला. "धर. मुळासकट ओढ."