गुडघ्यावरची शिकवणी

वनमाला घाबरट, हे अंधेरी पूर्वेच्या त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक. लिफ्टला घाबरते, इंग्रजीत आलेल्या फोनला घाबरते. पण शाळेला घाबरली तेवढी कशालाच नाही. लेक श्रुतिका तेरा वर्षांची, ऑटिझम असलेली, बोलणं जवळजवळ नाहीच. तीन शाळांनी गोड बोलून वाटेला लावलं. शेवटी टॅबवरच्या ऑनलाइन वर्गात जागा मिळाली, तेव्हा या बाईने मजलाभर पेढे वाटले.

वर्ग साधाच. रुचिरा मॅडम मुलुंडच्या घरून स्क्रीनवर दोन चित्रं दाखवायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि श्रुतिकाने बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. घरच्या माणसाने शेजारी बसायचं, पण उत्तर सांगायचं नाही. आता सांगा, कुठली आई गप्प बसेल? पोरगी दोनदा अडखळली आणि वनमालाच्या मनात आलं: ही पण जागा गेली तर? टेबलाखालचं कॅमेऱ्यात दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि झालं सुरू. गुडघा एकदा दाबला की डावं चित्र, दोनदा दाबला की उजवं. पोरगी हे मात्र झटकन शिकली! मॅडम खूश, नवरा चंद्रप्रकाशही खूश. वनमालाला तेवढा दर वर्गाला घाम फुटायचा.

मग एका गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "श्रुतिका झकास करतेय. तिला पुढच्या गटात घेऊ या. पण सोमवारी ती एकटी बसेल. तुम्ही बाहेर थांबायचं, ताई."

लागली ना वाट! वनमालाला अन्न गोड लागेना. रविवारी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"गो, खरा काय ता सांगून टाक मॅडमना," तो म्हणाला.

"आणि काढलं तिला, तर? तू बसशील का रे दिवसभर घरी?"

श्रुतिकाचंही बिनसलेलंच होतं. चपाती थुंकायची, स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घ्यायची. आपली भीती पोरीला लागली असं वाटून वनमाला आणखीच भ्यायली.

सोमवारी ती स्वयंपाकघरात, दाराला कान लावून उभी राहिली. कुकर बंद, मिक्सरची पिन काढलेली.

"श्रुतिका, आज कसं वाटतंय?" मॅडमचा रोजचा पहिला प्रश्न. डावीकडे रडका चेहरा, उजवीकडे हसरा. इतका सोपा प्रश्न, पण गेले पंधरा दिवस मेली त्यालाच चुकत होती. बोट रडक्याकडे न्यायची, आणि वनमाला घाईघाईने दोनदा गुडघा दाबून ते हसऱ्यावर आणायची.

खोलीत काहीच आवाज नाही. "चुकू नको गं बाय, आज नको चुकू," वनमाला पुटपुटली.

टॅब टुंग करून वाजला; चित्रावर बोट पडलं होतं.

"रडका?" मॅडमचा आवाज बदलला. "दुखतंय का तुला? कुठे? या मुलीच्या चित्रावर दाखव बघू." पुन्हा टुंग. "गाल? तोंड उघड, असं, आ कर. अगं बाई! ताई, आधी आत या!"

वनमाला धावली. पोरीच्या मागच्या दाढेची हिरडी टरटरून सुजली होती, कडेला पू दिसत होता.

"हे एका दिवसात होत नाही, ताई. आजच्या आज दाताच्या डॉक्टरकडे न्या," मॅडम म्हणाल्या. "पण मला कळत नाही, दोन आठवडे ती रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतेय. इतकं दुखत होतं, तर तिने सांगितलं कसं नाही?"

आता बोलले तर जागा गेली, हे वनमालाला स्पष्ट दिसत होतं. श्रुतिका गालावर हात धरून बसली होती.

"सांगत होती, मॅडम," वनमाला म्हणाली. "रोज सांगत होती. मीच सांगू देत नव्हते."