काका विचारत होते

शेवटचा पेपर देऊन मी लंडनच्या कडेला पिनरला घरी पोचले तेव्हा मावशींनी दार उघडून आधी विचारलं, "सगळे झाले ना? नक्की? आता एकही राहिला नाही?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि मग सांगितलं की माझे काका गेले. झोपेतच, हार्ट अटॅकने. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. परीक्षा संपेपर्यंत मला कळू द्यायचं नाही असं घरी ठरलं होतं.

या मावशी नात्यातल्या नव्हेत. त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली आहे, आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात भूशास्त्र शिकते. ती जन्मापासून इथलीच, त्यामुळे तिचं मराठी मोडकं. त्या दिवशी ती जिन्यात उभी होती. तिलाही माहीत होतं. हे सगळे आठवडे ती लायब्ररीत माझ्या शेजारी बसून अभ्यास करत होती.

"आईने मला शपथ घातला," ती म्हणाली. "मी खूप वेळा सांगणार होती. सॉरी यार."

दोघी माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला. मावशी कुणाला तरी फोन करून विचारून आल्या. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर सुतक तीनच दिवसांचं असतं, आता डोक्यावरून अंघोळ कर, म्हणाल्या. मी शॉवरखाली उभी राहिले. पाणी गरम होतं. त्या संध्याकाळचं मला एवढंच नीट आठवतं.

काका एसटीचे ड्रायव्हर होते. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे आणि वर्षानुवर्षं ते घाटातल्याच गाडीवर होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मी भूशास्त्र घेतलं तेव्हा शेजारचे हसले होते, दगडांचं शिकून पोरगी काय करणार म्हणून. काका म्हणाले, "घाटात दरड कोसळली की आधी आमची गाडी अडकते. ती का कोसळते ते घरातल्या कुणाला तरी कळू दे की."

दर रविवारी मी घरी फोन करायचे. काका गेल्यानंतरच्या रविवारीही केला होता. फोन काकूनेच उचलला. "ते ड्युटीवर आहेत गं, लग्नसराईच्या जादा गाड्या." पुढच्या वेळी, "आत्ताच डोळा लागलाय, उठवू का?" मीच नको म्हटलं. व्हिडिओ लाव म्हटलं तर ती म्हणाली, कॅमेरा बिघडलाय. आता ते एकेक वाक्य मला आठवत होतं. त्या वेळी ती कुठे बसली असेल, आजूबाजूला कोण असेल, आपल्याच नवऱ्याबद्दल हे बोलताना तिने काय केलं असेल, याचा मी विचार करायला जायचे आणि तिथेच थांबायचे. पुढे काही व्हायचं नाही.

"घरी अजून काही कळवू नका," मी मावशींना म्हटलं होतं. "मला कळलंय हे काकूला मीच सांगते."

"बरं. पण लवकर कर हं, बाळा."

मी फोन केला नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि रडू येत नसताना फोन करणं मला वाईट दिसेल असं वाटत होतं. रविवारही गेला. मग स्कॉटलंडची फील्ड ट्रिप आली. मावशी म्हणाल्या, जा, घरात बसून काय करणार.

स्टर्लिंगहून मिनीबस निघाली आणि थोड्याच वेळात डाव्या हाताला ओखिलच्या डोंगरांची भिंत सुरू झाली. उजवीकडे सपाट शेतं, मेंढ्या, दूर नदी. सपाटी संपते तिथून डोंगर एकदम सरळ वर जातो, मध्ये उतार असा नाहीच. त्याच्या पायाशी गावं ओळीने बसली आहेत. नववीच्या भूगोलात मी 'खचदरी' हा शब्द पाठ केला होता: दोन भेगांच्या मधली जमीन खाली खचते आणि कडेची तशीच उभी राहते. पेपरात आकृती काढून मला पूर्ण मार्क मिळाले होते. स्कॉटलंडचा मधला सगळा पट्टा अशीच खचदरी आहे आणि ती भिंत हे तिच्यातल्याच एका मोठ्या भेगेचं तोंड. मी इतकी वर्षं ज्याची आकृती काढत आले ते समोर होतं. मला छान वाटायला हवं होतं. मी खिडकीतून बघत राहिले आणि मला काहीच वाटलं नाही.

"ओ माय गॉड, बघ ना!" मावशींची मुलगी म्हणाली. "तुझा घाट असाच आहे?"

"आमचा जास्त उंच आहे."

"शो ऑफ."

गावात उतरून बूट बांधत असताना फोन वाजला. काकूचा व्हॉइस मेसेज होता. मी जरा बाजूला जाऊन कानाला लावला.

"अगं, रविवारी फोन नाही आला तुझा. पेपर अवघड गेला का? जाऊ दे, झाला तो झाला. तब्येत सांभाळ. काका विचारत होते."

मावशींच्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मेसेज तिला ऐकवला.

"तिला माहीतच नाही की तुला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तो बिचारी अजून अॅक्टिंग करते?" ती म्हणाली. "यू हॅव टू कॉल हर."

मला हे दिसलंच नव्हतं. फोन करणं ही माझी अडचण आहे असं मी समजत होते.

चढ ओढ्याच्या कडेने होता. आमचे शिक्षक पुढे चालत होते. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही, म्हणून त्यांचं लक्ष जाईपर्यंत मी नुसती उभी राहते. वर पोचल्यावर सगळ्यांनी दरीचं स्केच काढायचं होतं. मी शिक्षकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांचं लक्ष गेल्यावर म्हटलं, घरी एक फोन करायचा आहे. ते म्हणाले, कितीही वेळ घे.

गवतात वाऱ्याकडे पाठ करून बसले. खाली नदी वळणं घेत गेली होती.

काकूने लगेच उचलला. "अगं, आत्ता? हे ना, जरा बाहेर गेलेत, किराणा..."

"काकू, मला कळलंय."

तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि तिने गॅस बंद केला.

"कधी?"

"पेपर संपला त्या दिवशी. मीच फोन केला नाही."

"बरं झालं कळलं," ती म्हणाली. "मला आता कारणं सुचत नव्हती गं. मागच्या फोनलाही किराण्याला पाठवलं होतं त्यांना. आजही किराण्यालाच." तिला हसू आल्यासारखं झालं.

मला वाटलं आता मला रडू येईल. आलं नाही. मी तिला तसंच सांगितलं, की मला रडूच येत नाहीये.

"न का येईना. माझंही परवापर्यंत तेच होतं. माणसं येऊन बसायची, ती रडायची, मी चहा करायचे." मग म्हणाली, "थांब, कॅमेरा लावते."

आधी छत दिसलं, पंखा दिसला, मग ती. कपाळ मोकळं होतं. मी बघितलं आणि तिने मला बघू दिलं.

"कुठे आहेस तू? केवढा वारा गं तो."

मी फोन फिरवून तिला दरी दाखवली. कडा, खालची शेतं, नदी, पायथ्याची घरं. ती बराच वेळ बघत होती.

"गाडी कुठून चढते?"

"गाडी नाही चढत इकडे. चालतच यावं लागतं."

"मग घाट कसला तो?" काकू म्हणाली. "हे म्हणाले असते, उगाच गेली एवढ्या लांब."

"हो," मी म्हटलं. "हेच म्हणाले असते."

"जा, तुझं काम कर. आणि रविवारी फोन कर. मीच उचलीन."