शिंपलीकाकांचा दगड

शिंपलीकाका अ‍ॅसिडचा ड्रॉपर हातात धरून दगडाकडे इतका वेळ बघत बसायचे, की आम्ही हाताखालची मुलं घड्याळाकडे बघत राहायचो. बाहेर चुनखडीची गाडी खोळंबलेली, फोन वाजतोय, आणि यांचं आपलं निरीक्षण चाललेलं. थेंब टाकायचा, दगड फसफसला की चुनखडी, एवढंच तर काम. पण त्यांचं एकच म्हणणं, "आधी पाह्य, मंग टाक."

मी भिलाईत पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले ती त्यांच्याच हाताखाली. काका सेक्टर सहामधून सायकलवर यायचे, डब्याच्या पिशवीत एक काळा दगड असायचाच. मनेंद्रगडकडच्या नदीत सापडलेला. त्यात नखाएवढी, कागदासारखी पातळ पांढरी शिंपली. इकडे कधीकाळी समुद्र होता, हे ते काल पाहून आल्यासारखं सांगत. प्राणी मेला, तळाला गेला, मांस कुजलं. शिंपली फुटायच्या आत वर गाळ बसला, थरावर थर चढले, गाळाचा दगड झाला. "चिखल वेळेवर आला, म्हणून वाचली," म्हणताना त्यांच्या कपाळावर अजूनही काळजी दिसे.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला निघाले, तेव्हा दगड माझ्या हवाली केला. "घरचे फेकून देतीन. तू सांभाळ, पोरी." मी तो टेबलावर नमुन्यांच्या शेजारी ठेवला, तिथंच चुकलं. दुपारी घाईत हात चालत होता, एकेक दगड, एकेक थेंब. फेस आला तेव्हा कळलं. धुतला, पुसला, शिंपलीच्या जागी नुसता खळगा.

पुढचे पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला, आनंद झाला आणि लगेच धडकी भरली. हे ऐकून त्यांना काही झालं तर?

ते परतल्यावर मी त्यांच्या घरी गेले, दगड पुढे ठेवला, सगळं सांगून टाकलं. काकांनी चष्मा लावला. मग खळग्यातून बोट फिरवलं. आत शिंपलीची रेघन् रेघ उमटलेली होती.

"शिंपली गेली, पण ठसा हाये ना. जमिनीतलं पानी बी हेच करते, शिंपली विरघळवते अन् ठसा ठेवते. मले फक्त सांग, टाकायच्या आधी पाह्यलं होतं का?"

"नाही, काका."

"मंग हा तुह्यापाशीच राहू दे."

काका जाऊन आता चार वर्षं झाली. फार आठवण येते. दगड माझ्या टेबलावर आहे, नमुन्यांपासून लांब. बाहेर गाडी खोळंबते, फोन वाजतो, नवी मुलं चुळबुळतात, आणि मी ड्रॉपर हातात धरून समोरच्या नव्या दगडाकडे बघत बसते.