भावाच्या पिकअपमधला पट्टा

थोरल्या भावानं नवी पिकअप घेतली, त्या उन्हाळ्यात मी ओतूरला माहेरी गेले होते. टोमॅटोचे क्रेट भरून तो नारायणगावच्या बाजाराला निघाला, तेव्हा मीही त्याच्या शेजारी बसले आणि पट्टा ओढून खट्‌कन लावला.

भावाला ते चांगलंच झोंबलं. "माझ्यावर भरवसा न्हाई व्हय गं तुझा? पट्टा कुत्र्याला बांधत्यात. सोड तो!"

आमच्याकडं पट्टा लावणं म्हणजे गाडी चालवणाऱ्याचा तोंडावर अपमान. आईसुद्धा दारातून म्हणाली, "सोड गं, कशाला त्याचं मन मोडतीस?" जीव माझा, आणि जपायचं काय, तर ह्याचं मन! माझं डोकंच फिरलं.

मागच्या क्रेटवर त्यानं स्वतः दुहेरी दोरी आवळली होती. गाठ पक्की बसली का, तेही ओढून पाहिलं होतं.

"दादा, येवढा भरवसा हाय ना?" मी म्हणाले. "मग आधी टोमॅटोची दोरी सोड. मी पट्टा सोडते."

त्यानं आरशातून मागं पाहिलं आणि गाडी चालू केली.