कुसुमीची कॉलर

"सुई नाही," मी म्हणाले.

"कसली सुई?" तुमच्या आजोबांनी पेपर खाली केला.

"पापणीच्या केसाची. काडीच्या टोकाला केस चिकटवून करतात ती. तिच्याशिवाय कृमी उचलता येत नाही. आणि माझ्या पापण्या आता इतक्या विरळ झाल्यात की एक केस कामाचा नाही. उद्या बघू."

"परवा चष्म्याचा नंबर बदलला होता. काल हवा दमट होती. आज पापण्या," आजोबा म्हणाले. "कुसुम, तुला तो किडा तपासायचा आहे की नाही?"

नव्हता तपासायचा. का नव्हता, ते रोहन आणि अनन्या, तुम्हा दोघांना कळायला हवं. कारण आपल्या आजीच्या नावाचा किडा समुद्राच्या तळाशी राहतो, असं तुम्ही शाळेत सगळ्यांना सांगून बसला आहात. म्हणून हे लिहिते आहे. शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा.

मी आयुष्यभर सूत्रकृमींवर काम केलं. सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्यासारखे बारीक, दोन्ही टोकांना निमुळते कृमी. बहुतेक मिलिमीटरभरही नसतात. म्हैसूरजवळच्या वरुणा गावच्या भातशेतात ते असतात, आपल्या कुंडीतल्या मातीत असतात, आणि जिथे उजेडही पोचत नाही अशा खोल समुद्रातल्या चिखलातही असतात. तिथले तर इतके आहेत की बहुतेकांना अजून नावच मिळालेलं नाही. त्यांना नाव देणं हे माझं काम.

म्हैसूरमध्ये बसून समुद्रातले किडे कसे, असं लोक विचारायचे. समुद्र माझ्याकडे बाटलीतून यायचा. जहाजावरचे लोक तळाचा चिखल वर काढायचे, औषधात घालून पाठवायचे. मी स्वतः जहाजावर एकदाच गेले. त्या सफरीत समुद्रापेक्षा बादलीच जास्त पाहिली. बाटलीतला समुद्र हलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

चिखल आला की तो बारीक चाळणीतून धुवायचा आणि त्यात एक गुलाबी रंग घालायचा. किडे गुलाबी होतात, माती मातीसारखीच राहते, म्हणून ते वेचता येतात. आपलं घराणं मूळचं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, हे तुम्हाला माहीत आहे. माझे सासरे पहिल्यांदा लॅब बघायला आले तेव्हा बराच वेळ ती गुलाबी बशी बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ही रंगकाम सोडलं ते सुटलं नाही तर. सूनबाई किडे रंगवते."

एखादा किडा नवीन आहे असं वाटलं की त्याचं चित्र काढायचं, मापं घ्यायची, आणि त्याच्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा तो कुठे वेगळा आहे ते दाखवायचं. ते संशोधनाच्या पेपरात छापून आलं की त्याला नाव मिळतं. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्याचा स्वतःचा. तो दुसरा शब्द शोधणारा ठरवतो. गावाचं नाव देतात, जहाजाचं देतात, गुरूचं देतात. फक्त स्वतःचं द्यायचं नाही. नियम नाही, पण लोक हसतात. म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी सुचावं लागतं. मी बऱ्याच किड्यांना बऱ्याच लोकांची नावं दिली. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलेलं नसतानाही सांगत असे.

रिटायर झाल्यावर तर तो विषयच संपला होता. मग या वर्षी सुमनाचा फोन आला.

सुमना माझी जुनी विद्यार्थिनी. वरुणाजवळच्या खेड्यातली. घरी गाई, आई दूध घालायची. आता ती किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत आहे.

"मॅडम, एका चिखलात तीन नव्या स्पीशीज मिळाल्यात. एकीच्या मानेला कॉलर आहे, तिला तुमचं नाव देतेय. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणाले. आठवड्यातून दोनदा कुणी ना कुणी हे विचारतं, अशा आवाजात.

फोन ठेवला आणि मी गॅसवरचं दूध उतू घालवलं.

लॅटिनच्या रीतीने बाईच्या नावाला शेवटी 'ae' लावतात, त्याचा उच्चार 'ई'. म्हणून माझ्या किड्याचं नाव झालं कुसुमी. आजोबा त्या दिवसापासून मला चहा मागताना कुसुमी म्हणू लागले. मी तुमच्या आईला कळवलं, तिने तुम्हाला. तुमचं चित्र पोस्टाने आलं, ते मी फ्रिजवर लावलं. पेन्सिलने काढलेला लांब किडा, त्याला माझा चष्मा आणि मानेभोवती मोठी कॉलर. मग मी पद्माक्कांना सांगितलं. म्हणजे गावाला सांगितलं. पद्माक्का माझ्या मोठ्या जाऊबाई आणि समाजाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा.

"जंत म्हणजे पोटात होतात तेच ना गं?" त्यांनी विचारलं.

"त्यांचे लांबचे नातेवाईक. हे समुद्रात असतात."

"मग बरं. पोटातल्याला नाव दिलं असतं तर सत्कार कसा करणार? आता करू. डोक्याला पेटा, शाल, चंदनाचा हार, सगळं."

"अहो पद्माक्का, पेपर अजून छापला नाही."

"उगाच लाजू नकोस. तुझा पेपर छापेल तेव्हा छापेल. बॅनर तरी छापू दे."

त्यानंतर सुमनाने चित्रांबरोबर काचपट्ट्या कुरियरने पाठवल्या. काचपट्टी म्हणजे स्लाइड. तिच्यावर किडा ग्लिसरीनच्या थेंबात कायमचा झोपवलेला असतो. सुमनाला शंका नव्हती. पेपर छापायला पाठवण्याआधी मॅडमची नजर फिरावी, एवढंच. आधी तिच्या दुसऱ्या दोन स्पीशीज पाहिल्या. उत्तम होत्या. एकीला तिने त्या समुद्राच्या भागाचं नाव दिलं होतं, एकीला आईचं. मग शेवटी कुसुमी घेतली. लग्नात गोड शेवटी खातात तशी.

कुसुमीचं वेगळेपण एकच होतं. मानेभोवती एक उभी कड, शर्टाच्या कॉलरसारखी. तुमच्या चित्रात आहे तीच. बाकी शेपूट, तोंड, आतडं, सगळं एका जुन्या, माहीत असलेल्या प्रजातीसारखं. ती प्रजाती इतकी सामान्य की कुठलाही चिखल चाळा, ती निघतेच. म्हणजे कॉलर आहे तर कुसुमी आहे. कॉलर नाही तर कुसुमी नाही.

मी कॉलर पाहिली. सुंदर होती. दुसऱ्या स्लाइडवर पाहिली, ती जरा खाली होती. तिसऱ्या स्लाइडवर तिरकी होती. माणसांच्या कॉलरी तिरक्या होतात, किड्यांच्या होत नाहीत. मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला आणि भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी स्लाइडांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. कॉलरवाले सगळे किडे साठवायच्या एकाच नळीतून आले होते. त्याच चिखलाच्या दुसऱ्या नळीत तीच जुनी सामान्य प्रजाती होती, एकालाही कॉलर नाही. याचा साधा अर्थ मला माहीत होता. मी तो बाजूला ठेवला आणि एक अवघड अर्थ तयार केला. दोन जवळच्या प्रजाती एकाच चिखलात शेजारी राहतात, आणि योगायोगाने एक सगळी या नळीत गेली, दुसरी त्या नळीत. हे मी कागदावर लिहूनही काढलं. भाषा छान जमली होती.

साधा अर्थ असा. किडा पाण्यातून ग्लिसरीनमध्ये न्यायचा तर हळूहळू न्यावा लागतो. पाणी सावकाश उडून गेलं पाहिजे. घाई केली तर तो आक्रसतो आणि कातडीला घडी पडते. कडक उन्हात एकदम घातलेला पापड कसा वाकडा होतो, तसं. घडी कुठेही पडते, पण मानेपाशी कातडी सैल असते म्हणून तिथे जास्त.

ती कॉलर आहे की घडी, हे बघायची पद्धतही साधी. किडा स्लाइडवरून काढायचा आणि थेंब थेंब पाणी मिसळत परत पाण्यात न्यायचा. मनुका भिजवतात तसा. घडी असेल तर उलगडते. खरी कॉलर असेल तर राहते. मी सुमनाला विचारलंही. ती म्हणाली, "जरूर मॅडम, होलोटाइप सोडून कुठलाही घ्या." होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं असतं तो. त्याला धक्का लावायचा नसतो. बाकीचे होतेच.

म्हणजे परवानगी होती, नमुना होता, पद्धत माहीत होती. आणि मी एकदा चष्मा, एकदा हवा आणि एकदा पापण्या अशा कारणांवर दिवस काढत होते. ही कहाणी सुरू झाली ती इथे.

तुमचे आजोबा बेळगोळच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर होते. त्यांनी पेपरची घडी घातली. आरशासमोर गेले. परत आले तेव्हा दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी होतं.

"हे घे."

"हे काय?"

"भुवईचा केस. पापणीपेक्षा जाड आहे, पण ताठ आहे. माझ्याकडे अजून भरपूर आहेत."

"अहो, पापणीचाच लागतो."

"कुसुम, आमच्याकडे एक सुपरवायझर होता. ज्या दिवशी माल खराब असायचा, त्या दिवशी त्याचं मोजमापाचं गेज हरवायचं."

मी केस घेतला. उत्तम सुई झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सकाळी किडा काढला. काच उचलताना हात थरथरतील असं मला वाटलं होतं. थरथरले असते तर बरं झालं असतं, किडा हरवला असता. पण हात मेले अगदी स्थिर. मग थेंब थेंब पाणी. मध्ये कुकर लावला. वरणाला फोडणी दिली. जेवणं झाल्यावर बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली.

मान गुळगुळीत होती. गळ्यापासून शेपटीपर्यंत एक सरळ, गुलाबी, टवटवीत आणि संपूर्णपणे सामान्य किडा.

मी दुसरा भिजवला. हा शास्त्राचा भाग म्हणून नाही, आशेचा भाग म्हणून. तोही गुळगुळीत.

"काय झालं?" आजोबांनी दारातून विचारलं.

"सुरकुती होती."

ते आत आले, वाकून पाहिलं. "चांगला दिसतोय की. उलट तरुण झालाय."

"मग तुम्हीच ठेवा त्याचं नाव."

सुमनाला फोन केला. तिने लॅबची वही चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अय्यो मॅडम. ती नळी मी ओव्हनमध्ये ठेवली होती. रिपोर्ट द्यायचा होता, म्हणून तापमान वाढवलं."

"होतं असं. छापून येण्याआधी कळलं ना. आल्यावर कुणीतरी दुसऱ्याने दाखवून दिलं असतं, आणि माझं नाव कायमचं चुकीच्या यादीत राहिलं असतं. तिथून काढत नाहीत."

"हो मॅडम. तुमच्यामुळे वाचले. तुमच्या नावाचा असूनही तुम्ही सांगितलंत."

"त्यात काय," मी म्हणाले. आणि थांबले. अजून दोन स्पीशीज शिल्लक होत्या. समुद्राच्या भागाला तर नावाचं काहीच पडलेलं नसतं. मी मुद्दाम जरा जास्तच थांबले, म्हणजे कुणाला काही सुचायचं असेल तर वेळ मिळावा.

"ठीक आहे मॅडम," सुमना म्हणाली. "ओव्हनवर बोर्ड लावते. ठेवू?"

पद्माक्कांना सांगणं त्याहून कठीण गेलं.

"म्हणजे होता, आणि आता नाही?"

"आधीपासूनच नव्हता. घडी होती."

"बॅनरला सांग घडी होती म्हणून. छापून आलंय. पेटा तुझ्या डोक्याच्या मापाचा बांधून घेतलाय, तो कुणाला घालू? तुझ्या भावजींना?"

"पण सत्कार कशाबद्दल?"

"अगं, इतक्या जणांचे सत्कार केले. इतकी चौकशी कुणी केली नाही."

सत्कार झाला. बॅनरवर 'थोर जंतसंशोधिका' असं होतं. डोक्यावर म्हैसुरी पेटा, खांद्यावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, अशी मी उभी राहिले आणि मी काय शोधलं नाही ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नंतर जवळ येऊन विचारलं, पाण्यात ठेवल्यावर सुरकुत्या जातात तर ग्लिसरीन चेहऱ्याला लावू की नको. शास्त्रावर आलेला तो एकमेव प्रश्न. मी म्हटलं, हळूहळू लावा, घाई करू नका.

सुमनाचा पेपर छापून आला आहे. त्यात दोन नव्या स्पीशीज आहेत. शेवटी आभारात माझं नाव आहे, 'नमुन्यांच्या काटेकोर तपासणीबद्दल'. ते लॅटिनमध्ये नाही आणि त्याला 'ई' लावलेला नाही.

आता धडा. एखादी तपासणी सोपी असेल, सगळं सामान हाताशी असेल, आणि तरी ती तुम्ही उद्यावर ढकलत असाल, तर तिचा निकाल तुम्हाला आधीच कळलेला असतो. उरलेला वेळ फक्त सुई शोधण्यात जातो.

शाळेत सांगा की आजीने तपासलं आणि किडा जुनाच निघाला. मिसने विचारलं कशाने तपासलं, तर भुवईच्या केसाने म्हणून सांगा. विश्वास ठेवणार नाहीत, पण ते खरं आहे.

तुमचं चित्र अजून फ्रिजवर आहे. सकाळी आजोबा त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, सगळं बरोबर आहे, पण नियमाप्रमाणे ती कॉलर खोडायला हवी. मी म्हटलं, रबर नाही.

ते आता ड्रॉवर उघडून शोधतायत.