'ऐकू कमी येतं का?'

सुरतेतल्या लिंबायतला राहणारी योगिता दहा वर्षं घरीच साड्यांचे धागे कापायची. मग एका संस्थेनं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या कानांची पाहणी हाती घेतली. अहिराणी आणि गुजराती दोन्ही येतात म्हणून घरोघर फॉर्म भरायचं काम तिला मिळालं.

फॉर्मवर प्रश्न होता, 'ऐकू कमी येतं का?' दोनशे कामगारांत 'हो' म्हणाले फक्त नऊ. योगिताला ते पटेना. बारा बारा तास त्या खडखडाटात उभी राहणारी माणसं, आणि नऊच?

सुपडूआप्पा तीस वर्षं लूमवर. "माले बेस ऐकू येस," असं ठणकावून ते पाळीला निघून गेले. योगिता मात्र बसून राहिली. त्यांच्या बायकोनं, सुंदरामावशींनी, चहा टाकला.

"मावशी, घरी कसे असतात आप्पा?"

मावशी जरा घुटमळल्या. "फोन वाजला की माझ्या हातात देतात. कारखान्यात ओठ बघून समजतं, फोनला ओठ कुठून आणायचे? नात हळू बोलते, म्हणून तिच्याशी बोलणंच सोडलं. अन् हे लिहू नको बरं, शेठ कामावरून काढेल."

त्यानंतर योगिता आणखी चौदा घरांत नुसती ऐकत बसली. घरी आल्यावर ऐकलेलं सगळं, कुणाचंही नाव न घालता, वहीत उतरवायची.

संस्थेच्या मयुरी मॅडमनी तिची वही शेवटपर्यंत वाचली. "खरं आहे सगळं. पण पंधरा घरांच्या बोलण्यावर दवाखाना कान तपासायचं मशीन वस्तीत पाठवणार नाही, ताई. त्यांना आकडा लागतो."

"मग आकडाच काढू, मॅडम. पण वेगळं विचारून."

दोघींनी बायकांच्या बोलण्यातूनच नवे प्रश्न बांधले. फोन दुसऱ्याला देता का? बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं का? फॉर्मवर नाव लिहायचं नाही, हेही ठरलं. त्याच दोनशे जणांत या वेळी एकशे अठरा 'हो' निघाले.

निकाल शेठला कळणार नाही, या बोलीवर दवाखान्यानं वस्तीत शिबिर घेतलं. मशीननं तपासलं तेव्हा आलेल्यांपैकी बहुतेकांचे कान खरंच अधू निघाले. सुपडूआप्पांना घरी वापरायला कानाचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकून त्यांनी ते काढून ठेवलं. आठवड्याभरानं नात शाळेतलं काहीबाही सांगत होती आणि आप्पा मान खाली घालून, तिच्याकडे न बघता, हसत होते.

आता साड्यांवर टिकल्या-खडे लावणाऱ्या बायकांच्या डोळ्यांची पाहणी निघाली आहे. फॉर्म छापण्याआधी महिनाभर घरोघर बसून ऐकू द्या, असं योगितानं सांगितलं. मयुरी मॅडमनी पंधरा दिवस दिले.